प्रोटीन खाल्लं... पुढे काय?

जिममध्ये शेकर, डब्यात अंडी आणि तोंडात एकच मंत्र: ‘प्रोटीनने शुगर वाढत नाही.’ पण ते प्रोटीन पोटात गेल्यावर आपल्या स्वादुपिंडात काय कल्ला होतो, हे कधी बघितलंय?

हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोनच पक्ष उरलेत. एक ‘पोळी-भाजी-भात’वाला आणि दुसरा ‘प्रोटीन’वाला. पहिल्याचा डबा घरून येतो, दुसऱ्याचा शेकर बॅगेत खुळखुळत येतो. जेवता जेवता वाद ठरलेला. ‘भात सोड यार, शुगर वाढते.’ ‘मग खाऊ काय?’ ‘प्रोटीन खा. त्याचा शुगरशी काही संबंधच नाही!’ एवढं बोलून उकडलेलं अंडं एखाद्या मेडलसारखं पुढे केलं जातं.

संबंध नाही? बॉस, चांगलाच संबंध आहे. फक्त तो थोडा आडवळणाचा आहे. प्रोटीन पचलं की त्याची अमिनो आम्लं होतात. ती रक्तातून थेट स्वादुपिंडापर्यंत जातात, तिथल्या पेशींच्या दारातून आत शिरतात आणि आत गेल्यावर एक नाही, दोन हॉर्मोन्सची बटणं दाबतात.

या विषयात मी शिरले त्याला कारण घरातलंच आहे. बाबा गेली अकरा वर्षं इन्सुलिनवर आहेत. आमच्या फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी इन्सुलिनचं पेन असतं. मावसबहिणीला शाळेत असल्यापासून टाइप वन डायबेटिस आहे. आणि गेल्या वर्षी ऑफिसांसारखंच फ्रीलान्सर मंडळींसाठी निघालेलं एक स्वस्तातलं हेल्थ पॅकेज मी घेतलं, तेव्हा माझं एचबीएवनसी आलं ५.८. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मापात ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, उंबरठ्यावरची पायरी. वय अठ्ठावीस, वजन अगदी ‘नॉर्मल’. आणि उंबरठ्यावर मी एकटी नाही. आयसीएमआरच्या इंडिआब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि १३ कोटींहून जास्त लोकांना प्रीडायबेटिस असल्याचा अंदाज होता. म्हणजे तुमच्या-माझ्या क्युबिकलच्या रांगेत कुणी ना कुणी असणारच.

पोटातला द्वीपसमूह

आधी थोडा भूगोल. स्वादुपिंड, म्हणजे आपलं पॅन्क्रियाज, जठराच्या मागे आडवं पहुडलेलं असतं. त्याचा बहुतेक भाग पाचक रस बनवण्यात गुंतलेला असतो. हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी त्याच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के, त्याही विखुरलेल्या, छोट्या छोट्या पुंजक्यांत. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या पुंजक्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय, हे त्याला कळलं नव्हतं. १८९३ मध्ये फ्रान्सच्या एदुआर्द लागेस यांनी त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटं’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटं असतात. कोकणचा अख्खा किनारा फिका पडेल!

या बेटांवरचे दोन रहिवासी आपल्या कामाचे. बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनचा निरोप: साखर आत घ्या, साठवा. अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात. त्याचा निरोप यकृताला: साठवलेली साखर बाहेर काढा, नवीन बनवा. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर. टोरंटोत १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं, १९२३ मध्ये नोबेल मिळालं, जगभर नाव झालं. ग्लुकागॉनला नाव मिळालं तेही १९२३ मध्येच, पण बिचारं कायम साइड हिरोच राहिलं. प्रोटीनची गोष्ट मात्र या साइड हिरोशिवाय कळत नाही.

डब्यात कोण चढणार?

पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अमिनो आम्लं त्यातून आपली आपण आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांना दार लागतं. ही दारं म्हणजे ट्रान्सपोर्टर नावाची प्रथिनं, आवरणात घट्ट बसवलेली. शरीरात अशा वाहतूकदारांचं मोठं खानदान आहे. शास्त्रज्ञ त्याला एसएलसी म्हणतात आणि त्यात चारशेहून जास्त सदस्य आहेत.

मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. लोकल एकच, पण लेडीज डबा वेगळा, फर्स्ट क्लास वेगळा, लगेजचा वेगळा. कुणी कुठे चढायचं याचे नियम पक्के. इथेही तसंच. एलएटी१ नावाच्या दारातून ल्युसिनसारखी मोठी अमिनो आम्लं शिरतात, पण त्याचा नियम गर्दीच्या वेळच्या लोकलचा: आतून एक उतरला तरच बाहेरचा एक चढणार. आर्जिनिन, लायसिन यांच्यावर धन विद्युतभार असतो, त्यांच्यासाठी सीएटी नावाची वेगळी दारं. ॲलानिन आणि ग्लुटामिन यांना नेणारी काही दारं अशी की, सोबत सोडियम असेल तरच एन्ट्री. सिंगल्स नॉट अलाउड!

कुठल्या पेशीवर कुठली दारं आणि किती, यावर ठरतं की जेवणानंतर कुठलं अमिनो आम्ल कुठल्या हॉर्मोनला हात घालणार. सगळा खेळ या दारांचा आहे.

तीन अमिनो आम्लं, तीन युक्त्या

बीटा पेशी इन्सुलिन कशी सोडते ते आधी बघू. ग्लुकोज आत येतं, जळतं, त्यातून एटीपी नावाचं ऊर्जेचं चलन तयार होतं. एटीपी वाढलं की पोटॅशिअमची एक खिडकी बंद होते. शांत असताना पेशीच्या आतला व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. खिडकी बंद झाली की तो वर सरकतो, मग कॅल्शिअमची दारं उघडतात, कॅल्शिअम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. ही सरळमार्गी, ग्लुकोजची पद्धत. अमिनो आम्लांच्या युक्त्या जास्त हटके आहेत.

आर्जिनिनची युक्ती सगळ्यात सोपी. ते स्वतःच धनभार घेऊन आत येतं. जळायची गरज नाही, काही बनवायची गरज नाही. नुसतं आत शिरणं हाच सिग्नल! व्होल्टेज सरकतो, कॅल्शिअम येतं, इन्सुलिन बाहेर. डॉक्टर आजही बीटा पेशींमध्ये किती दम उरलाय ते तपासायला शिरेतून आर्जिनिन देण्याची चाचणी वापरतात.

ॲलानिन स्वतः भार आणत नाही, पण त्याच्यासोबत आत आलेलं सोडियम आणतं. परिणाम तोच, फक्त काम जोडीदाराने केलं.

ल्युसिन मात्र आतल्या गोटात शिरतं. ते स्वतः जळून थोडी ऊर्जा देतंच, पण त्याहून मोठी गंमत म्हणजे ते ग्लुटामेट डिहायड्रोजनेज नावाच्या एन्झाइमला जागं करतं. हे एन्झाइम पेशीत आधीपासून असलेलं ग्लुटामेट जळणाच्या भट्टीत ढकलतं, एटीपी वाढतं आणि पुढचा सगळा रस्ता ग्लुकोजचाच. म्हणजे स्वतःच्या खिशाला फार हात न लावता दुसऱ्याच्या पैशांनी पार्टी!

हे सगळं काही काल-परवा कळलेलं नाही. मिशिगन विद्यापीठात जॉन फ्लॉइड, स्टीफन फायान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं होतं की, निरोगी माणसांना शिरेतून नुसती अमिनो आम्लं दिली तरी रक्तातलं इन्सुलिन चढतं. तोवर ‘इन्सुलिन म्हणजे साखरेला उत्तर’ एवढंच समीकरण बहुतेकांच्या डोक्यात होतं. आपल्या कॅन्टीनमध्ये ते अजूनही आहे.

मग चक्कर का येत नाही?

आता एक साधा प्रश्न. तुम्ही नुसतं चिकन किंवा पनीर खाल्लं, म्हणजे साखर जवळजवळ शून्य. तरी इन्सुलिन वाढलं. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. मग जेवून उठल्यावर हात थरथरायला हवेत, डोळ्यांपुढे अंधारी यायला हवी. तसं होत नाही. का?

उत्तर आपला साइड हिरो. अमिनो आम्लांसाठी दारं फक्त बीटा पेशींवर नाहीत, शेजारच्या अल्फा पेशींवरही आहेत. आर्जिनिन, ॲलानिन तिथेही शिरतात आणि ग्लुकागॉन बाहेर पडतं. इन्सुलिन साखर आत ओढतं, तेवढ्यात ग्लुकागॉन यकृतातून साखर बाहेर काढतं, काटा मधोमध राहतो. इन्सुलिनला मात्र आपलं दुसरं काम करायला मोकळीक मिळते, ते म्हणजे अमिनो आम्लं स्नायूंपर्यंत पोचवून त्यातून नवी प्रथिनं उभी करणं. टेक्सासमधल्या डॅलसचे रॉजर उंगर यांनी आयुष्यभर ग्लुकागॉनचा हा हक्क लढवला. प्रोटीनमुळे सुटणारं ग्लुकागॉन साखर कोसळू देत नाही, हे त्यांच्या गटाने १९६९ मध्ये प्रयोगांनी मांडलं.

ही जोडी तुटली तर काय होतं, ते मी मावसबहिणीच्या घरी बघितलंय. टाइप वनमध्ये बीटा पेशी नष्ट झालेल्या असतात, अल्फा पेशी मात्र शिल्लक असतात. ती रविवारी भाकरी-भाताशिवाय नुसतं सुकं मटण खाते आणि दोन-तीन तासांनी दंडावरच्या सेन्सरचा आलेख हळूहळू चढायला लागतो. ‘कार्ब्ज तर घेतलेच नाहीत’, हे तिचं जुनं कोडं होतं. कोड्याचं उत्तर आता तुम्हालाही माहीत आहे. अमिनो आम्लं आली, अल्फा पेशींनी ग्लुकागॉन सोडलं, यकृताने साखर ओतली आणि समोर ब्रेक लावायला घरचं इन्सुलिनच नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी तिला मोठ्या प्रोटीनच्या जेवणासाठी डोस कसा बदलायचा ते शिकवलंय. म्हणून ‘प्रोटीनचा शुगरशी संबंध नाही’ हे वाक्य तिच्यासमोर टाकू नका. आलेख दाखवून गप्प करेल!

दूध प्यायल्यावर साखर घसरते तेव्हा

जोडी उलट्या बाजूने बिघडली तर गोष्ट आणखी गंभीर होते. १९५६ मध्ये कोक्रेन आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, ज्यांची साखर प्रथिनांमुळे, आणि त्यातही ल्युसिनमुळे, धोकादायक पातळीपर्यंत घसरायची. विचार करा: ज्या दुधावर बाळ वाढतं, त्यातल्याच एका अमिनो आम्लाने त्याला झटके यावेत! साखर वारंवार इतकी खाली गेली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

कारण कळायला चार दशकं गेली. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधले चार्ल्स स्टॅन्ली आणि सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखवलं की, अशा काही मुलांमध्ये त्याच ग्लुटामेट डिहायड्रोजनेज एन्झाइमच्या जीनमध्ये बदल असतो. एन्झाइमला लगाम घालणारी यंत्रणा सैल पडलेली. त्यामुळे ल्युसिनने थोडंसं डिवचलं तरी ते उधळतं, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि सोबत रक्तातला अमोनियाही वाढलेला असतो.

यावरचं औषध ऐकून मला ही सगळी यंत्रणा एकदम ‘क्लिक’ झाली. डायझॉक्साइड नावाचं औषध बीटा पेशीची ती पोटॅशिअमची खिडकी उघडी धरून ठेवतं. एन्झाइमने आत कितीही धिंगाणा घातला तरी खिडकी बंद होत नाही, व्होल्टेज सरकत नाही, इन्सुलिन आतच राहतं. खिडकीला पाचर मारायची, एवढंच. आणि एका बाळाचा मेंदू वाचतो.

यकृताचा निरोप

अलीकडच्या दहा-बारा वर्षांतली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट अल्फा पेशींकडून आली. डायबेटिसमध्ये ग्लुकागॉन जास्त असतं, मग त्याचा रिसेप्टर औषधाने ब्लॉक केला तर? आयडिया सॉलिड होती. माणसांवरच्या चाचण्यांत साखर उतरलीही. पण यकृताची एन्झाइम्स वाढणं, कोलेस्टेरॉल वाढणं असे प्रकार दिसले. आणि प्राण्यांमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट: अल्फा पेशींची संख्याच वाढायला लागली.

हे का होतं ते असं कळलं. ग्लुकागॉन यकृताला फक्त साखर काढायला सांगत नाही, ‘अमिनो आम्लं मोडून संपव’ असंही सांगतं. तो निरोप पोचला नाही तर अमिनो आम्लं रक्तात साचतात आणि अल्फा पेशींपर्यंत उलटा निरोप जातो: ‘काम होत नाहीये, माणसं वाढवा!’ २०१५ मध्ये जेनेंटेक कंपनीच्या संशोधकांनी हा धागा दाखवला. २०१७ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि रिजेनेरॉन कंपनी अशा दोन गटांनी दोन वेगवेगळ्या पेपरमध्ये दार शोधून काढलं. उंदरांच्या अल्फा पेशींवर अशा वेळी एसएलसी३८ए५ नावाचा ट्रान्सपोर्टर वाढतो, त्यातून ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लं आत येतात आणि पेशींना वाढायचा हुकूम मिळतो. हा ट्रान्सपोर्टर काढून टाकला की पेशींची ही वाढ बरीच मंदावते. एक दार, आणि त्यावर अख्ख्या खात्याची नोकरभरती!

कोपनहेगनच्या येन्स यूल होल्स्ट यांच्या गटाने यालाच ‘यकृत-अल्फा पेशी’ अशी जोडगोळी म्हटलं आणि एक मुद्दा पुढे आणला. यकृतात चरबी साचली की ते ग्लुकागॉनचा ‘अमिनो आम्लं मोड’ हा निरोप नीट ऐकत नाही. मग अमिनो आम्लं वाढतात, त्यांच्यामुळे ग्लुकागॉन वाढतं आणि ते साखर वर ढकलतं. फॅटी लिव्हर ते डायबेटिस या रस्त्यावरची ही एक गल्ली.

पुण्याचा तो फोटो

‘पण मी तर बारीक आहे, मला कुठला फॅटी लिव्हर?’ हा प्रश्न माझाही होता. त्याचं उत्तर पुण्यातून आलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीवाला. या ‘थिन-फॅट’ भारतीयाची गोष्ट त्या फोटोने जगभर पोचवली. आरशात ‘नॉर्मल’ दिसणं आणि यकृत नॉर्मल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्तातल्या अमिनो आम्लांचा आणखी एक धडा २०११ चा आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीतल्या लोकांच्या जुन्या रक्तनमुन्यांत ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलॲलानिन ही पाच अमिनो आम्लं ज्यांच्यात जास्त होती, त्यांना पुढच्या बारा वर्षांत डायबेटिस होण्याची शक्यता जास्त निघाली. साखर नॉर्मल असतानाच! यावरून ‘प्रोटीनने डायबेटिस होतो’ असा निष्कर्ष काढू नका हं. इन्सुलिनला दाद न देणारं शरीर ही अमिनो आम्लं नीट वापरू शकत नाही, म्हणूनही ती साचतात. धूर दिसला म्हणून धुरानेच आग लावली असं होत नाही.

आता तर दारंच औषधाचं लक्ष्य होऊ पाहताहेत. आतड्यात अमिनो आम्लं शोषून घेणारा बी-झिरो-एटी१ नावाचा ट्रान्सपोर्टर आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथल्या स्टीफन ब्रोअर यांच्या गटाने सहकाऱ्यांसोबत २०१५ मध्ये दाखवलं की, हे दार नसलेल्या उंदरांमध्ये जीएलपी-१ हे आतड्याचं हॉर्मोन वाढतं आणि साखर जास्त ताब्यात राहते. ज्या जीएलपी-१ची नक्कल करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सध्या प्रत्येक पार्टीत गप्पा चालतात, तेच हे. उंदरांपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता लांब असतो, पण दिशा मस्त आहे.

मग डब्यात काय?

इतकं वाचून तुम्ही विचारणार, ‘ठीक आहे, पण करायचं काय?’ मीही तेच विचारलं.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी टाइप टू डायबेटिसच्या ११ जणांना तेच जेवण दोनदा दिलं, फक्त क्रम बदलून. आधी चिकन आणि भाज्या, १५ मिनिटांनी ब्रेड आणि ज्यूस, असा क्रम असताना तासाभराने साखर साधारण ३७ टक्क्यांनी कमी होती. इथे इन्सुलिनही कमीच लागलं, कारण आधी गेलेल्या प्रोटीन-भाजीमुळे जठर सावकाश रिकामं होतं. २०१४ मध्ये इस्रायलमध्ये १५ जणांना गोड नाश्त्याआधी ५० ग्रॅम व्हे दिलं तेव्हा साखरेची चढण २८ टक्क्यांनी कमी झाली. इथे मात्र इन्सुलिनही चांगलंच वाढलं होतं: ल्युसिन आणि कंपनीची करामत. दोन्ही प्रयोग छोटे आहेत, पण दोघांचं बोट एकाच दिशेला आहे.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘म्हणजे पंगतीचा क्रमच उलटा? आपल्याकडे पहिला वाढतात तो वरण-भात!’ पॉइंट होता. तोडगा म्हणून आता आमच्याकडे ताटावर बसल्यावर आधी उसळ आणि कोशिंबीर, मग पोळी, भात शेवटी आणि मोजका. बाबांनी हे डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, कारण इन्सुलिन घेणाऱ्याने खाण्याचा क्रम किंवा प्रमाण बदललं तर डोस बदलावा लागू शकतो.

आपल्या ताटाची खरी अडचण वेगळीच आहे. इंडिआब पाहणीच्याच २०२५ मधल्या पेपरनुसार भारतीयांच्या कॅलरीजपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्जमधून येतात. त्यातला थोडासा वाटा डाळी, दूध अशा प्रोटीनला दिला तर धोका कमी होतो, असं त्यात दिसतं. त्यासाठी महागडा डबा विकत घ्यायची गरज नाही. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात बॉडी बनवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलंय.

मटकीची उसळ, पिठलं, मूठभर शेंगदाणे, ताक, अंडं, बांगडा. हे सगळं आपल्या आजीच्या यादीतलंच. फरक एवढाच की, आता त्यातल्या ल्युसिन-आर्जिनिनने बेटांवर उतरून कुठलं दार ढकललं, ते आपल्याला माहीत आहे. दहा लाख बेटं आपल्यासाठी दिवसरात्र हिशेब ठेवताहेत. त्यांचा ओव्हरटाइम थोडा कमी करणं आपल्या हातात आहे. माझ्या पुढच्या रिपोर्टची तारीख मी मोबाइलमध्ये टाकून ठेवली आहे. तुमची शेवटची टेस्ट कधी झाली होती?

झटपट डबा फंडा

• दिवसाला किती? निरोगी प्रौढांसाठी शिफारस आहे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. ६० किलो वजन असेल तर साधारण ५० ग्रॅम.

• कुठून? एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे ७ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७ ते ८ ग्रॅम.

• डाळ-भात हवाच! भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. फक्त वाटी डाळीची मोठी आणि मूद भाताची लहान.

• क्रम लक्षात ठेवा: आधी भाजी-उसळ, मग पोळी-भात.

• किडनीचा त्रास असेल, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

• घरात कुणाला डायबेटिस आहे? मग ‘मी तर बारीक आहे’ या भरवशावर राहू नका. वर्षातून एकदा एचबीएवनसी तपासून घ्या.